'फन हाउस' आणि त्याचे समीक्षक : कर्कश ठरलेला अल्बम मानाचा कसा झाला?

खरखर (धागाकर्ता)

द स्टूजेस या अमेरिकी बँडचा 'फन हाउस' हा दुसरा अल्बम जुलै १९७० मध्ये इलेक्ट्रा कंपनीने काढला. तो खपला नाही, रेडिओने त्याला जवळ केले नाही आणि पुढच्याच वर्षी कंपनीने बँडला निरोप दिला. आज हाच अल्बम रॉकच्या इतिहासातील मानाच्या कामांमध्ये धरला जातो. 'रोलिंग स्टोन'ने २००३ मध्ये केलेल्या पाचशे सर्वोत्तम अल्बमांच्या यादीत तो १९१व्या क्रमांकावर होता. २०२० मध्ये नव्याने मते मागवून केलेल्या यादीत तो ९४व्या क्रमांकावर चढला. मधल्या काळात तबकडीवरचा एक ठोकाही बदललेला नाही.

समीक्षकांना उशिरा शहाणपण सुचले, असे याचे उत्तर नेहमी दिले जाते. ते मला अपुरे वाटते. १९७० मध्ये ज्यांनी या अल्बमला नाके मुरडली त्यांचा आक्षेप आवाजाच्या आकारमानावर होता, आणि आज जे त्याला डोक्यावर घेतात त्यांचे कौतुकही बहुतेक वेळा आकारमानाचेच असते. 'भीषण', 'बेभान', 'आदिम', 'कच्चा' ही विशेषणे निंदेतून स्तुतीत आली, पण त्यांच्यामागचे ऐकणे होते तेवढेच राहिले. हा अल्बम घडवला कसा, त्यात कोणता निर्णय कोणत्या जागी घेतला आहे, याबद्दल दोन्ही बाजूंनी फार थोडे लिहिले. परदेशी रॉकवर मराठीत लिहिताना आपणही यादीतला क्रमांक सांगून थांबतो, म्हणून हा धागा काढला आहे.

आधी अल्बम कसा ध्वनिमुद्रित झाला ते सांगतो, कारण समीक्षेचा सगळा गोंधळ तिथूनच सुटत जातो. बँड मिशिगनमधील ॲन आर्बरचा. गायक इगी पॉप, गिटारवर रॉन ॲशटन, ड्रमवर त्याचा धाकटा भाऊ स्कॉट ॲशटन, बेसवर डेव्ह अलेक्झांडर. या अल्बमसाठी सॅक्सोफोनवादक स्टीव्ह मॅके त्यांना येऊन मिळाला. त्यांचा १९६९ चा पहिला अल्बम जॉन केलने निर्मिलेला होता आणि तो बिलबोर्ड मासिकाच्या खपाच्या यादीत १०६व्या स्थानापर्यंत गेला होता. दुसऱ्या वेळी निर्माता म्हणून डॉन गॅलुची आला. हा गृहस्थ किशोरवयात द किंग्जमेन या बँडमध्ये की-बोर्ड वाजवत होता आणि 'लुई लुई'च्या १९६३ च्या त्या प्रसिद्ध ध्वनिमुद्रणात त्याचा हात आहे. ज्या गाण्याचे अस्पष्ट शब्द अश्लील आहेत की काय हे तपासण्यासाठी अमेरिकेच्या एफबीआयने चौकशी केली आणि शेवटी शब्द समजतच नाहीत असा निष्कर्ष काढला, तेच हे गाणे. गराज रॉकच्या, म्हणजे हौशी बँडांच्या साध्या, खडबडीत रॉकच्या, मुळाशी असलेला माणूसच या अल्बमच्या काचेपलीकडे बसला होता, ही गोष्ट परीक्षणांत क्वचितच येते.

मे १९७० मध्ये लॉस एंजेलिसच्या इलेक्ट्रा स्टुडिओत बँड आला, तेव्हा गॅलुचीने ठरवले की प्रत्येक वाद्य वेगळे टिपून नंतर जुळवण्याच्या भानगडीत पडायचे नाही. मंचावर वाजवतात तसे सगळ्यांनी एका खोलीत, एकत्र वाजवायचे. त्यासाठी खोलीतील आवाज शोषून घेणारे आच्छादन काढण्यात आले आणि इगीने मंचावरचा, हातात धरायचा मायक्रोफोन वापरला. परिणामी एका वाद्याचा आवाज दुसऱ्याच्या मायक्रोफोनमध्ये शिरला. त्या काळच्या नीटनेटक्या ध्वनिमुद्रणाच्या कसोटीवर हा दोष होता. इथे तो जाणूनबुजून स्वीकारला होता. ज्यांनी तो दोष म्हणून नोंदवला त्यांचे कान चुकीचे नव्हते. त्यांना हेतू कळला नाही, एवढेच.

या अल्बमच्या परीक्षणांपैकी तीन मला महत्त्वाची वाटतात. 'रोलिंग स्टोन'चे परीक्षण जत्रेतल्या तंबूबाहेर गिऱ्हाईक बोलावणाऱ्या माणसाच्या थाटात लिहिलेले आहे. त्यात गंमत आहे, संगीताबद्दल मात्र हाताला फारसे काही लागत नाही. दुसरे लेस्टर बँग्ज यांचे. डेट्रॉइटच्या 'क्रीम' मासिकात नोव्हेंबर आणि डिसेंबर १९७० अशा दोन अंकांत ते पसरले होते. एका अल्बमच्या निमित्ताने या माणसाने रॉकमधील प्रतिष्ठा, कौशल्य आणि मंचावर स्वतःचे हसे करून घेण्याची हिंमत यांवर एवढा दीर्घ विचार केला की त्याला परीक्षण म्हणण्यापेक्षा प्रबंध म्हणणे योग्य होईल. तिसरे रॉबर्ट क्रिस्टगौ यांचे, जेमतेम एका परिच्छेदाचे. पूर्वी रॉकचे वर्णन करताना 'ताकद' आणि 'ऊर्जा' हे शब्द आपण उधळले याची आता खंत वाटते, कारण ते या अल्बमसाठी राखून ठेवायला हवे होते, अशा आशयाचे ते लिहितात. पण पुढे ते असेही म्हणतात की एवढा आघात असूनही या संगीताचे मुख्य आकर्षण त्यांना शारीरिक वाटत नाही. मला हे पुढचे वाक्य अधिक मोलाचे वाटते, आणि उद्धृत मात्र नेहमी पहिलेच केले जाते.

या अल्बमबद्दल, किंवा अशाच कर्णकटू म्हणून गाजलेल्या दुसऱ्या एखाद्या अल्बमच्या समीक्षेबद्दल तुमचे काय मत आहे? ऐकून लिहावे, ही विनंती.

तानपुरा

धागा वाचून अल्बम संपूर्ण ऐकला. माझे कान ख्यालावर पोसलेले असल्यामुळे मी बाहेरचीच श्रोती आहे, हे लक्षात घेऊन पुढचे वाचावे. पहिल्या तीन गाण्यांत मला स्वरविलास असा काही सापडला नाही. गिटारचा एक छोटा तुकडा घेतात आणि तोच घोळवत राहतात. गायक सुरात राहण्याची पर्वा करत नाही. १९७० च्या समीक्षकांना हे कंटाळवाणे वाटले असेल तर मी त्यांना दोष देणार नाही. एखाद्या गोष्टीला पन्नास वर्षे झाली म्हणजे तिच्या उणिवा गुण होतात, असे आपण मानू लागलो तर समीक्षेला अर्थ राहणार नाही.

एक गाणे मात्र मनात राहिले, 'डर्ट'. ते का राहिले याचा मी विचार करते आहे.

खरखर

तानपुराताई, ऐकून लिहिल्याबद्दल मनापासून आभार. तुमचा आक्षेप मला मान्य आहे, पण त्यातली कसोटी तपासून पाहू या. संगीतसमीक्षक वामनराव देशपांडे यांनी 'घरंदाज गायकी' या १९६१ च्या पुस्तकात ख्यालगायनाच्या घराण्यांची मांडणी स्वर आणि लय या दोन टोकांच्या मध्ये केली. किराणा स्वराच्या टोकाला, आग्रा लयीच्या टोकाला आणि जयपूर या दोहोंचा तोल साधणारे, अशी ती साधारण मांडणी आहे. तिचा मोठा लाभ असा की आग्र्याच्या गवयाला किराण्याच्या मापाने मोजून नापास करण्याचा मोह टळतो. 'फन हाउस' हे संगीत लयीच्या अगदी टोकाला, कदाचित त्याच्याही पुढे उभे आहे. तिथे स्वरविस्तार शोधला तर निराशाच पदरी येणार.

मग लयीच्या बाजूने काय मिळते? 'डर्ट' तुम्हाला भावले ते मला स्वाभाविक वाटते, कारण तिथे बँड संथ चालतो आणि रचना उघडी पडते. सात मिनिटांचे गाणे आहे. अलेक्झांडरचा बेस एक लहानसा आकृतिबंध धरतो आणि तो सोडत नाही. स्कॉट ॲशटन ठोक्याच्या किंचित मागे राहून वाजवतो. गिटार बराच वेळ बाजूला थांबते, आणि जेव्हा पुढे येते तेव्हा पायाने चालवायच्या वा-वा पेडलमुळे तिचा स्वर उघडतो-मिटतो. कोण कधी थांबले आहे याकडे लक्ष देऊन पुन्हा ऐका. हाच संयम 'लूज' आणि 'टी.व्ही. आय'मध्येही आहे, फक्त तिथे आवाज इतका भरलेला आहे की तो पटकन दिसत नाही.

अल्बमचा क्रमही पाहण्यासारखा आहे. पहिल्या बाजूची चारही गाणी चार जणांची आहेत. तबकडी उलटली की '१९७०' सुरू होते, आणि ते गाणे संपता संपता मॅकेचा सॅक्सोफोन पहिल्यांदा आत येतो. इतका वेळ ज्या आवाजाची सवय झाली त्यात अचानक श्वासाने वाजणारे वाद्य शिरते. त्यानंतर 'फन हाउस' या शीर्षकगीतात ते गिटारच्या बरोबरीने झुंजते आणि 'एल.ए. ब्लूज'मध्ये ठेका, गाणे, शब्द सगळेच विरघळते. सुमारे छत्तीस मिनिटांत सरळ चालीच्या गाण्यापासून पूर्ण मुक्त वादनापर्यंतचा हा प्रवास आखलेला आहे. 'कच्चा' म्हणून ज्याची पाठ थोपटली जाते त्या अल्बमची आखणी इतकी पक्की आहे.

लोअर परळ

मी ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायात आहे, म्हणून तांत्रिक बाजू थोडी मांडतो.

एक प्रयोग घरच्या घरी करता येतो. हा अल्बम अगदी हळू आवाजात, शेजारच्या खोलीत ऐकू जाणार नाही इतक्या हळू लावा. तरीही तो मोठ्याने वाजतो आहे असेच वाटते. याचे कारण असे की अँप्लिफायरला त्याच्या क्षमतेपलीकडे रेटले की ध्वनिलहरीचे शेंडे कापले जातात आणि मूळ स्वरात नसलेले वरचे अनेक उपस्वर त्यात मिसळतात. मोठ्या आवाजाची ही खूण आपल्या कानाला ओळखीची असते. प्रत्यक्ष पातळी खाली आणली तरी ती पुसली जात नाही. तानपुराताईंना हे वेगळे सांगायला नको, कारण तानपुऱ्याची जवारी लावतो तेव्हा आपण तारेतून उपस्वरच मागत असतो आणि नीट लागलेल्या जवारीतून स्वयंभू गंधार ऐकू येतो. गिटारच्या फझमध्ये, म्हणजे मुद्दाम आणलेल्या खरखरीत, उपस्वर दाट आणि खडबडीत येतात, पण माणूस वाद्याकडून मागतो ते त्याच जातीचे आहे.

दुसरी गोष्ट तबकडीची. एलपीच्या एका बाजूवर जितका कमी वेळ भरावा तितकी खाच रुंद ठेवता येते आणि पातळी वर नेता येते. 'फन हाउस'च्या दोन्ही बाजू साधारण अठरा मिनिटांच्या आहेत, त्यामुळे तबकडीवर खाच कापणाऱ्याला पुरेशी जागा मिळाली.

स्टुडिओतले आच्छादन काढण्याबद्दल खरखर यांनी लिहिले आहे, त्यात एवढीच भर घालतो की असे करणे सोपे नसते. वाद्यांचे आवाज एकमेकांत मिसळू दिले की नंतर एकाची चूक दुसऱ्याला धक्का न लावता दुरुस्त करता येत नाही. म्हणून अख्खे गाणे सगळ्यांनी एका दमात बरोबर वाजवावे लागते. १९९९ मध्ये ऱ्हायनो या कंपनीने त्या सत्रांचे सगळे टेक, म्हणजे गाणे वाजवून टिपण्याचा प्रत्येक प्रयत्न, सात सीडींच्या संचात, तीन हजार प्रतींपुरते काढले. पुढे २०२० मध्ये पंधरा एलपींचा संचही निघाला. एकाच गाण्याचे कितीतरी टेक सलग ऐकले की कळते, बँड वेग आणि वजन यांचा मेळ शोधतो आहे. रचना पहिल्या टेकपासून जवळपास ठरलेली आहे. बेजबाबदारपणे वाजवणारी मंडळी एवढ्या चिकाटीने तेच तेच वाजवत नाहीत.

उपनगरी

चर्चा उत्तम चालली आहे, तरी एक अस्वस्थता नोंदवते. आमच्या सोसायटीसमोर सणासुदीला ध्वनिवर्धकांच्या भिंती उभ्या राहतात आणि खिडक्यांच्या काचा थरथरतात. घरात आजारी माणूस असताना तो त्रास काय असतो हे मुंबईत राहणाऱ्यांना सांगण्याची गरज नाही. अशा शहरात बसून आपण मोठ्या आवाजाचे सौंदर्यशास्त्र मांडतो तेव्हा नकळत त्या भिंतींना पाठिंबा तर देत नाही ना? समीक्षकाने आवाजाकडे केवळ कलेचा घटक म्हणून पाहावे, हे मला पुरेसे वाटत नाही.

लोअर परळ

तुमचा त्रास खरा आहे आणि मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटरचे शांतता क्षेत्र जाहीर करण्याची तरतूद करतात आणि निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा घालतात. ते पाळले गेलेच पाहिजेत. त्रासाचा मुद्दा संमतीचा आहे. तबकडी ऐकणाऱ्याने ती स्वतः लावलेली असते आणि बटण त्याच्या हातात असते. वर लिहिले त्याप्रमाणे 'फन हाउस'चा मोठेपणा डेसिबलमध्ये नाही, तो पोतात आहे. हेडफोनवर, लोकलच्या गर्दीत, कोणालाही उपद्रव न देता तो पूर्ण मिळतो. उलट ध्वनिवर्धकांच्या भिंतीवर काय वाजते याला काहीच महत्त्व नसते.

धोबी तलाव

या शहरात या प्रश्नाची किंमत संगीतानेही मोजली आहे. रंगभवनच्या खुल्या मंचावर मोठमोठे रॉक कार्यक्रम होत असत; १९८६ मध्ये सुरू झालेला इंडिपेन्डन्स रॉक हा महोत्सव तिथे अनेक वर्षे भरला. आसपास रुग्णालये आणि महाविद्यालय असल्यामुळे तो परिसर शांतता क्षेत्रात गेला आणि कार्यक्रम थांबले. रुग्णांच्या दृष्टीने निर्णय योग्यच होता. पण त्या तोडीची, सर्वांना परवडणारी दुसरी जागा शहराने दिली नाही, याची खंत माझ्या पिढीला आजही आहे.

आता मूळ विषयावर. 'फन हाउस'ला सायकेडेलिक म्हणावे का, याबद्दल मला शंका आहे. सायकेडेलिक म्हटले की सतार, उलट्या फिरवलेल्या टेप, स्वप्नाळू शब्द असे काहीतरी डोळ्यांसमोर येते. यात त्यातले काहीच नाही. मला हा सरळसोट गराज रॉक वाटतो. कर्कश आणि सायकेडेलिक अशा दोन्ही कसोट्यांना उतरणारा अल्बम हवा असेल तर ब्लू चियर या सॅन फ्रान्सिस्कोच्या तिघांचा जानेवारी १९६८ चा पहिला अल्बम घ्यावा. त्याची गोष्टही उलटी आहे. तो बिलबोर्डच्या यादीत ११व्या स्थानापर्यंत गेला आणि त्यातील 'समरटाइम ब्लूज' १४व्या. लोकांनी घेतला, समीक्षकांनी मात्र त्याला फार काळ गांभीर्याने घेतले नाही. आवाज इतका की दुसऱ्या अल्बमचा काही भाग त्यांनी स्टुडिओबाहेर, उघड्यावर ध्वनिमुद्रित केला.

खरखर

धोबी तलाव, ब्लू चियरचे उदाहरण अगदी योग्य जागी आले. समीक्षकाची पसंती आणि खप यांचा एकमेकांशी ठरावीक संबंध नसतो हे त्यातून दिसते. मात्र दोन अल्बमांत मला गुणात्मक फरक वाटतो. ब्लू चियरने एडी कॉक्रनचे आणि ब्लूजमधले जुने गाणे घेऊन ते प्रचंड मोठे केले. आवाज हा तिथे जुन्या रचनेवर चढवलेला थर आहे. स्टूजेसच्या बाबतीत आवाज काढून घेतला तर गाणेच उरत नाही, कारण ते त्या आवाजासाठीच रचलेले आहे. म्हणून माझ्या दृष्टीने 'फन हाउस' वरचढ आहे.

सायकेडेलिक म्हणावे की नाही, याबद्दल दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. बँडने १९६७ मध्ये मंचावर पाऊल ठेवले तेव्हा त्याचे नावच 'सायकेडेलिक स्टूजेस' होते आणि सुरुवातीच्या कार्यक्रमांत व्हॅक्यूम क्लीनर, मिक्सर, तेलाची पिंपे अशा वस्तूंचा आवाजासाठी उपयोग होत असे. 'एल.ए. ब्लूज' हे त्याच मुक्त प्रयोगांचे उरलेले टोक आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. गराज आणि सायकेडेलिक यांची आज जी जोडगोळी आपण गृहीत धरतो ती १९७० मध्ये तशी जुळलेली नव्हती. १९७२ मध्ये लेनी के यांनी साठच्या दशकातील छोट्या, विस्मरणात गेलेल्या अमेरिकी बँडांची एकेक गाणी निवडून 'नगेट्स' हा दोन तबकड्यांचा संग्रह केला. उपशीर्षकात पहिल्या सायकेडेलिक कालखंडाचा उल्लेख होता आणि सोबतच्या टिपणात पंक-रॉक ही संज्ञाही होती. तो संग्रह काढला इलेक्ट्राने, म्हणजे स्टूजेसना आदल्या वर्षी बाहेरचा रस्ता दाखवणाऱ्या कंपनीने!

माझ्या मते समीक्षेचे वळण इथे आहे. परंपरा संकलित होण्याआधी 'फन हाउस' हा एकटा, आगापिछा नसलेला विक्षिप्त प्रकार होता. 'नगेट्स'ने त्याला पूर्वज मिळवून दिले. १९७७ मध्ये द डॅम्ड या ब्रिटिश बँडने आपल्या पहिल्या अल्बमात '१९७०' हे गाणे 'आय फील ऑलराइट' या नावाने गायले आणि सिडनीच्या रेडिओ बर्डमन या बँडने तर आपले नावच त्या गाण्यातल्या चुकीच्या ऐकलेल्या ओळीवरून घेतले. म्हणजे वंशजही मिळाले. पूर्वज आणि वंशज मिळाले की समीक्षकाला लिहिणे सोपे जाते, कारण कलाकृती एका साखळीतली कडी म्हणून समजावता येते. धोका असा की मग ती कडी म्हणूनच ऐकली जाते. 'पंकचा पाया' या दोन शब्दांत 'फन हाउस' उरकणारी परीक्षणे वाचली की मला वाटते, त्या लेखकाने दुसरी बाजू शेवटपर्यंत ऐकलेलीच नाही. कारण सॅक्सोफोन, मुक्त वादन, सात मिनिटांचे संथ गाणे, यांतले काहीही पंकने उचलले नाही.

जुनी तबकडी

सर्वांचे लेखन लक्षपूर्वक वाचतो आहे. त्या काळात मी मुंबईत महाविद्यालयात होतो, म्हणून चार शब्द लिहितो.

'फन हाउस' हे नाव त्या वेळी माझ्या कानावरही आले नव्हते. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये तबकडी बूथमध्ये लावून ऐकता येत असे आणि विकत घेण्याइतके पैसे नसलेली मुले तिथे तासन्‌तास उभी असत, पण आमच्यापर्यंत पोहोचत होते ते बीटल्स आणि स्टोन्स यांच्यासारखे मोठे बँड. परीक्षणे म्हणाल तर 'ज्युनियर स्टेट्समन' हे तरुणांचे नियतकालिक हातोहात फिरत असे. 'क्रीम' कोणी पाहिलेलेही नव्हते. त्यामुळे आमच्या पिढीसाठी या अल्बमची समीक्षा आधी आली आणि अल्बम बऱ्याच वर्षांनी. ज्याच्याबद्दल इतके वाचले ते प्रत्यक्षात ऐकताना कान आधीच कोणाच्या तरी विशेषणांनी भरलेले होते. खरखर यांचा कौतुकाबद्दलचा आक्षेप मला म्हणूनच मनापासून पटतो.

पण गराज रॉक या शहरात नव्हता असे मात्र नाही. सिमला सिगारेटच्या प्रचारासाठी बँडांची अखिल भारतीय स्पर्धा भरत असे आणि तिच्यातील निवडक बँडांच्या 'सिमला बीट' या नावाने १९७० आणि १९७१ अशा दोन एलपी निघाल्या. फझ गिटार, घाईतले ड्रम, इंग्रजीतले शब्द, सगळे होते. त्या तबकड्यांवर गंभीरपणे लिहिलेले मी तरी त्या वेळी काही वाचले नाही. आमच्या घरी याला 'साहेबांच्या पोरांचे चाळे' म्हणत. पुढे परदेशी संग्राहकांनी त्या शोधून काढल्या, त्यांची पुनर्मुद्रणे झाली आणि आज त्यांना भारतीय सायकेडेलिक गराजचा दस्तऐवज म्हणतात. मुंबईच्या ॲटॉमिक फॉरेस्ट या बँडची कथाही निराळी नाही. 'ऑब्सेशन ७७' हा त्यांचा अल्बम १९८१ मध्ये बाजारात आला तेव्हा बँड मोडलेला होता, आणि त्याला खरा श्रोता मिळाला तो कितीतरी वर्षांनी, अमेरिकेतील पुनर्मुद्रणानंतर. चोरबाजारात या तबकड्या रद्दीसारख्या पडलेल्या मी पाहिल्या आहेत. आपल्या शहरात, आपल्या डोळ्यांदेखत जे वाजत होते त्यावर आपल्या भाषेत एकही नीट परीक्षण का लिहिले गेले नाही, हा प्रश्न मला 'फन हाउस'च्या क्रमांकापेक्षा अधिक जवळचा वाटतो.

खरखर

काका, हा प्रतिसाद स्वतंत्र धाग्याच्या योग्यतेचा आहे आणि तो आपणच काढावा, अशी आग्रहाची विनंती. ख्यालाची बैठक झाली की दुसऱ्या दिवशी तिची कसून चिकित्सा करणारे कान याच शहरात होते. त्यांच्यापैकी कोणी षण्मुखानंदच्या किंवा एखाद्या महाविद्यालयाच्या मंचावर जाऊन बँड ऐकला असता तर किती वेगळे लिहिले गेले असते!

उपनगरी

लोअर परळ यांचे उत्तर पटले. एक वाचकीय शंका राहिली आहे. लेस्टर बँग्ज यांचे नाव या संदर्भात नेहमी द्रष्टा समीक्षक म्हणून घेतले जाते. ते पहिल्यापासून या प्रकारच्या संगीताचे पाठीराखे होते का?

खरखर

नव्हते, आणि म्हणूनच त्यांचे लेखन मला विश्वासार्ह वाटते. एप्रिल १९६९ मध्ये 'रोलिंग स्टोन'मध्ये छापून आलेल्या त्यांच्या पहिल्याच परीक्षणात त्यांनी एमसी-५ या डेट्रॉइटच्या बँडच्या 'किक आउट द जॅम्स'ची सालटी काढली होती. एमसी-५ आणि स्टूजेस हे एकाच वर्तुळातले, १९६८ मध्ये इलेक्ट्राने बरोबरीने करारबद्ध केलेले बँड. पुढे बँग्ज यांनी त्या अल्बमबद्दलचे मत बदलले. पावणेदोन वर्षांच्या आत त्याच प्रांतातल्या अधिक कठीण अल्बमवर त्यांनी दोन अंक खर्ची घातले, यावरून त्यांचे ऐकणे किती चालू होते ते दिसते. 'क्रीम'मधल्या त्या लेखात ते बँडच्या मर्यादा लपवत नाहीत. ही मुले वाद्यकौशल्यात कमी आहेत हे मान्य करून ते विचारतात की कौशल्य असलेल्यांनी त्याचे काय केले. मात्र बँग्ज यांची शैली पुढच्यांनी घेतली आणि कान घेतला नाही. लांबलचक, धापा टाकणारी वाक्ये लिहिली म्हणजे कर्कश संगीताची समीक्षा झाली असा समज त्यातून रूढ झाला, आणि त्याचे नुकसान आजही वाचकाला सोसावे लागते.

तानपुरा

लोअर परळ यांनी सांगितलेल्या सत्रांपैकी काही टेक ऐकले आणि अल्बमही पुन्हा लावला. 'डर्ट'बद्दल मी काय शोधत होते ते आता सांगता येईल. तिथे गायक आवाज राखून ठेवतो. बाकी गाण्यांत तो पहिल्या क्षणापासून सर्व काही देऊन टाकतो. इथे मात्र तो तळाशी बसून बेसच्या ठेक्यावर वाक्य टाकतो, थांबतो, आणि चढतो तेव्हा चढण्याला कारण मिळालेले असते. बढत, म्हणजे ख्यालातला टप्प्याटप्प्याने होणारा विस्तार, या अर्थाने मला ते कळले. 'लूज'चे टेक एकामागून एक ऐकताना लयीचे वजन बदलताना जाणवले हेही मान्य करते. लयीच्या टोकाची कसोटी लावली तर पहिली बाजू उत्तम आहे.

'एल.ए. ब्लूज' मात्र मला आजही फसलेला वाटतो. मुक्त वादन म्हणजे सर्वांनी एकाच वेळी सर्व शक्तीनिशी वाजवणे नव्हे. अमेरिकेतल्या मुक्त जॅझमधले मोठे वादक एकमेकांचे ऐकून उत्तर देतात. इथे मॅके वगळता कोणी कोणाचे ऐकत आहे असे मला वाटले नाही. पाच मिनिटांत चढ नाही, उतार नाही, जागा नाही. ज्या संयमाचे तुम्ही कौतुक केलेत तोच इथे सुटला आहे. अल्बमची आखणी पक्की आहे असे म्हणायचे असेल तर तिचा शेवट ढिला आहे हेही म्हणावे लागेल.

खरखर

तानपुराताई, या अल्बमवर इतका नेमका आक्षेप मी छापील परीक्षणांतही फारसा वाचलेला नाही. माझे मत थोडे वेगळे आहे. 'एल.ए. ब्लूज' हा मुळात त्यांच्या मंचावरील कार्यक्रमाच्या अखेरीस येणारा मुक्त गोंधळ होता आणि गॅलुचीने त्याला स्वतंत्र जागा देऊन शेवटी ठेवले. शीर्षकगीताच्या पावणेआठ मिनिटांत ठेका जो घट्ट आवळत नेला आहे तो कुठेतरी सुटणे गरजेचे होते, आणि म्हणून मला तो शेवट ऐकताना मोकळे झाल्यासारखे वाटते. परंतु शीर्षकगीत न ऐकता तो तुकडा एकटा लावला तर तुमचे म्हणणे खोडून काढायला माझ्याकडे काही नाही. स्कॉट ॲशटनचे ड्रम तिथे खरोखर दिशाहीन आहेत. मॅकेबद्दलचे निरीक्षणही अचूक आहे; तो एकटाच श्वास घेण्यासाठी थांबतो आणि त्या थांबण्यामुळेच त्याचे वाजवणे उत्तरासारखे वाटते.

आता एकच सुचवतो. सात सीडींच्या संचात या तुकड्याचा आणखी एक टेक आहे. तो आणि अल्बमवरचा, असे दोन्ही लागोपाठ ऐकून गॅलुचीने निवड योग्य केली का, यावर तुम्ही आणि लोअर परळ यांनी लिहावे.

लोअर परळ

ऐकतो आणि लिहितो. ड्रमचे मायक्रोफोन आणि सॅक्सोफोन यांची मिसळ दोन्ही टेकमध्ये कशी आहे तेही नोंदवीन, कारण तानपुराताईंना जो जागेचा अभाव जाणवला त्यात वादनाचा वाटा किती आणि खोलीतल्या मिसळीचा किती, हे त्यावरूनच ठरेल.